भारवाला बिसनभाऊ

मांडीचं हाड मोडलं की पाय आखूड होतो. मांडीचे स्नायू आडदांड असतात. मोडलेले दोन तुकडे ते एकमेकांवर चढवतात आणि माणूस गुरासारखा ओरडतो. ऑपरेशन होईपर्यंत तो पाय सारखा ओढून धरावा लागतो. म्हणून पायाला दोरी, दोरी पलंगाच्या टोकाच्या चाकावरून खाली, आणि खाली वजन टांगलेलं. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन म्हणतात, आमच्याकडचे लोक भार म्हणतात. आणि आमच्या वॉर्डात भार म्हटलं की बिसनभाऊ.

मी त्या वॉर्डाची सिस्टर. हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधलं एक, एवढं पुरे. मी मूल गावची. भाताच्या गिरण्यांच्या घरघरीत वाढलेली, तोंडानं फटकळ, आणि भुताखेतांना फाट्यावर मारणारी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कोणी 'बाई भित्री दिसते' असं म्हणायला नको.

बिसनभाऊ कागदावर वॉर्डातला शिपाई होता. उंच, हाडकुळा, पन्नाशी उलटलेला. आरमोरीच्या पुढं जंगलाला लागून त्याचं गाव. बाप गावात मोडलेली हाडं बसवायचा. वॉर्डात तो अनवाणीच फिरे, त्यामुळं कधी पाठीशी येऊन उभा राहिला ते कळायचं नाही. किती वेळा मी दचकले आणि किती वेळा त्याला झापलं! "बिसनभाऊ, खोकत तरी जा!" तो म्हणायचा, "हो जी," आणि पुन्हा तसाच मुकाट्यानं यायचा.

नवा पेशंट आला की तो माणसाला नाव विचारत नसे. आधी पायाशी जायचा, तळव्यावर हात ठेवायचा, "जोहार," म्हणायचा. पायाला! मग खिशातून गाठी मारलेली सुतळी काढून कमरेपासून घोट्यापर्यंत धरायचा. चांगला पाय, मोडलेला पाय. "दोन बोटं चढला," म्हणाला की दोनच बोटं. डॉक्टर नंतर टेप लावायचे, त्यांचंही तेवढंच भरायचं. भार टांगून झाला, पलंगाच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या, की मगच पेशंटकडं पाहून म्हणायचा, "हं, आता सांगा भाऊ, नाव काय तुमचं?"

मी तिथं लागले त्याच आठवड्यातली गोष्ट. मे महिना, भर दुपार, वीज गेलेली. पंखे बंद, खिडक्यांना ओले पडदे, सगळे पेशंट ग्लानीत. मी मान वर केली तर आठ पलंगांचे आठही भार हलत होते. एकाच लयीत, एकाच बाजूला. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. बिसनभाऊ एकेका पलंगाशी जायचा, भाराला तळहात लावून थांबवायचा, पुढं जायचा. जसं काही आईनं पाळणे थांबवावेत.

"कोणीतरी धक्का दिला असेल," मी म्हटलं. माझा मलाच आवाज बारीक लागला.

"आठीच्या आठी भाराले?" तो म्हणाला. "दुपारी हलतात जी. ज्याले त्याले आपलं घर आठवते."

आणि पुढच्या पलंगाकडं गेला.

आता असा माणूस म्हणजे नुसता गूढ चेहरा घेऊन बसलेला असेल, असं वाटेल. तसं नव्हतं बाप्पा. नातेवाइकांशी त्याची रोज हुज्जत. लोकांना भार दिसला की कणव येते. बायको येणार, नवऱ्याचं कण्हणं ऐकणार आणि वजन अलगद उचलून स्टुलावर ठेवणार, "थोडा आराम पडू द्या न जी त्यायले." एकानं तर त्या आकड्यालाच जेवणाचा डबा अडकवला होता. बिसनभाऊ डबा सोडवत म्हणाला, "काकाजी, तुमच्या वरणभातानं जावयाचा पाय लंबा होऊन राह्यला. घरी नेल्यावर दोन पाय सारखे नाई भरले त लेकीले सांगजा, भाजी जास्त झाली म्हनून." सगळा वॉर्ड हसला, खुद्द जावईही.

त्याच्या बोटांवर मात्र हसायची सोय नव्हती. येता-जाता तो ताणलेल्या दोरीवर दोन बोटं ठेवायचा, नाडी पाहावी तशी. राजुऱ्याकडचा एक तरणा ट्रक ड्रायव्हर होता, मांडी मोडून तिसरा दिवस. सकाळी चांगला गप्पा मारत होता. बिसनभाऊ दोरीवर बोटं ठेवून थांबला तो थांबलाच. मग माझ्याकडं आला. "सिस्टर, चार नंबरच्या डोऱ्याचं पांढरं पाहा. दोरी थरथरून राह्यली."

मी वैतागूनच गेले. पापणी खाली ओढली तर आत बारीक लाल ठिपके. छातीवर तसेच ठिपके, श्वास भरभर, आणि मला म्हणतोय, "माय, गाडी बंद कर न." मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात गेली की असं होतं, पुस्तकात वाचलेलं, डोळ्यांनी पाहिलं तेव्हा पहिल्यांदा. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना धावत बोलावलं, पोरगा वाचला. दोरीतून काय कळलं, असं मी बिसनभाऊला नंतर विचारलं. तो म्हणाला, "हाड मुकं नसते सिस्टर. आपन बहिरे असतो." हे त्याचं ठेवणीतलं वाक्य होतं. दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

त्याच सुमारास आमच्याकडं पुण्याकडचे एक तरुण डॉक्टर आले. सरळ, कामसू माणूस. त्यांनी एक तुलना करायला घेतली. भार लावायच्या दोन तऱ्हा असतात. पट्टी म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तिला दोरी बांधायची. ओढ सगळी चामडीवर, त्यामुळं चार-पाच किलोच्या वर गेलं की चामडी सोलते. पिन म्हणजे गुडघ्याखालच्या हाडातून आरपार सळई. ओढ थेट हाडावर, भार वाढवता येतो. डॉक्टरांचा प्रश्न असा, की ऑपरेशन चार दिवसांवर आलेलं असताना माणसाच्या धडक्या हाडाला भोक पाडायची खरंच गरज आहे का? म्हणून एकाला पट्टी, पुढच्याला पिन, आणि दोघांचं दुखणं विचारून वहीत लिहायचं.

दुखणं विचारायचं म्हणजे काय, तर "दहापैकी किती दुखतं?" एक म्हातारा शेतकरी डॉक्टरांकडं बघतच राहिला. "दहा म्हंजे काय जी?"

"दहा म्हणजे सगळ्यात जास्त, बाबा."

"मंग तुमीच लावा न काय ते. तुमी शिकले-सवरलेले."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि बिसनभाऊला विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुमचं मत काय? पट्टी की पिन?"

बिसनभाऊ म्हणाला, "पट्टी मानसाले धरते साहेब, पिन हाडाले धरते. ज्याचं मन इथी आहे त्याले पट्टी पुरते. ज्याचं मन घरी पळून राह्यलं त्याले पिन लागते."

"हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" डॉक्टर हसले. बिसनभाऊ नाही हसला.

आता लालसूचं सांगते. आजवर कोणाला सांगितलं नाही.

लालसू भामरागडच्याही पलीकडचा माडिया गडी. तेंदूपत्त्याची ट्रॉली उलटली, मांडीचे दोन तुकडे. सोबत म्हातारी आई. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. डॉक्टरांच्या वहीप्रमाणं त्याच्या वाट्याला पिन आली. रविवारी बिसनभाऊनं त्याला सात नंबरच्या पलंगावर भार लावला, त्या दोघांशी त्यांच्या बोलीत बोलला, म्हातारीला हसवलंसुद्धा. मांडीत घालायची सळई गुरुवारी येणार होती, तेव्हा ऑपरेशन. तोवर भार लावून पडून राहायचं, बस.

सोमवारपासून बिसनभाऊ दोन दिवस रजेवर होता, पुतणीचं लग्न. आमच्याकडं लोखंडी वजनं नेहमी कमी पडत. म्हणून त्यानं नदीतले गोटे आणून, तोलून, चुन्यानं किलो लिहून टेबलाखाली ठेवलेले होते. जाळीत घालून टांगायचे. जाता जाता तो मला म्हणाला, "सिस्टर, सात नंबरले गोटा नका लावजा. कमी पडलं त रेतीची थैली लावजा."

"काऊन?"

"त्यायच्याकडं मानूस मेल्यावर त्याच्या नावानं गोटा उभा करतात."

मी मान हलवली. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला आपण हलवतो तशी.

सोमवारी दुपारी डॉक्टर म्हणाले, सात नंबरचा पाय अजून बोटभर आखूड आहे, तीन किलो वाढवा. लोखंड शिल्लक नव्हतं. रेतीची थैली उचलली तर तळाशी फाटलेली, सगळी रेती फरशीवर. मी घामानं थबथबलेली, दोन नवे पेशंट दारात, आणि डॉक्टरांच्या वहीला वजन नेमकं हवं. टेबलाखाली एक लांबुडका गोटा होता, तीन किलोचा. जाळीत घातला, टांगला. माझ्या या हातांनी. तो उभाच्या उभा लोंबायला लागला.

म्हातारी नळावरून पाणी घेऊन आली. गोटा पाहिला आणि तिच्या हातातली बाटली पडली. ओरडली नाही, काही नाही. जमिनीवर बसली आणि बारीक आवाजात काहीतरी गायला लागली. लालसूनं तिला काही विचारलं. तिनं एका शब्दात उत्तर दिलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्यानंतर त्यानं पाण्याचा घोटही घेतला नाही.

झाडणाऱ्या बाईला थोडी गोंडी यायची. तिनं सांगितलं, "बुढी म्हणते, पोरगा मेला. नावाचा गोटा लागला." मी धावत जाऊन गोटा काढायला लागले, तर म्हातारी आडवी आली. माझं मनगट धरलं तिनं. काडीसारखे हात, पण सुटता सुटेना. लागलेला गोटा परक्यानं काढायचा नसतो, असं ती सांगत होती म्हणे. डॉक्टरांनी सलाईन लावलं. लालसूनं हात मागं घेतला नाही की पुढं केला नाही. तपासण्या ठीक, रक्त ठीक, आणि मंगळवारी नाडी बारीक, डोळे खोल. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सिस्टर, याला काहीच झालेलं नाही. मग हा मरतोय कशानं?"

मी काय सांगणार? माझ्या शहाणपणानं मरतोय, हे सांगायला तोंड होतं कुठं!

बुधवारी दुपारी बिसनभाऊ आला. लग्नाची हळद शर्टाला लागलेली, पिशवी अजून खांद्यावर. दारातूनच त्याला दिसलं.

"कोनं टांगला?"

"मी."

"बरं," म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं.

तो म्हातारीजवळ जमिनीवर बसला. बराच वेळ दोघं बोलत होती. मग उठून माझ्याकडं आला. "आमच्यातबी आहे हे. गोटा उभा कराच्या आधी उचलून पाहतात. हलका लागला त मानूस जायले राजी. जड लागला त राजी नाई. बुढी उचलून पाहतो म्हणते."

"भार काढला तर पाय वर चढेल की!"

"दोरी रिकामी नाई सोडाची. गोट्याच्या जागी मी उभा राह्यतो."

त्यानं दोरी मनगटाला एक वेढा देऊन दोन्ही हातांनी धरली आणि मागं रेलला. मी गोट्याची जाळी सोडली, मग लोखंडही उतरवलं. गोटा एका हातानं धरून फरशीवर ठेवला. हे नीट लक्षात आहे माझ्या, एका हातानं.

म्हातारी वाकली. तिनं गोट्याला हात घातला, ओढला. हलला नाही. पुन्हा दोन्ही हात घातले. नाही. दोन दिवसांची उपाशी बाई, अंगात त्राण कुठलं, असं माझ्या मनात आलं. बिसनभाऊ मला म्हणाला, "तुमी पाहा."

मी दिवसभर ऐंशी-ऐंशी किलोचे पेशंट कुशीवर वळवणारी बाई. पदर खोचला, दोन्ही हातांनी गोटा धरला आणि उचलला. तो फरशीत रुजल्यासारखा होता. पाठीत कळ आली, पण तो तसूभर सरकला नाही. मी खाली वाकून पाहिलं, कुठं अडकलाय का, कोणाचा पाय आहे का वर. काही नाही. बिसनभाऊ चार हात लांब, दोन्ही हात दोरीला, डोळे मिटलेले, कपाळावरून घाम गळतोय. वॉर्डात कोणी कण्हत नव्हतं.

म्हातारी जोरात काहीतरी ओरडली. लालसूनं मान फिरवली. माझ्याकडं पाहिलं, गोट्याकडं पाहिलं, पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग ओठ हलले. "येर."

पाणी मागत होता. मी दोन ग्लास पाजले, तिसरा म्हातारी प्यायली. मग ती रडायला लागली आणि खोटं कशाला बोलू, मीही रडले.

त्या तीन किलोंच्या जागी डॉक्टरांनी दुसऱ्या वॉर्डातून लोखंड मागवून आणेपर्यंत बिसनभाऊ दोरी धरून उभाच होता. सुटला तेव्हा मनगटावर निळा वळ, चेहरा राखेसारखा. डॉक्टर म्हणाले, बसा जरा, बीपी बघतो. तो हातानंच नको म्हणाला. वाकला, आणि तो गोटा एका हातानं सहज उचलून काखेत घेतला.

"अहो, नदीत फेका तो मेला," मी म्हटलं.

"फेकता नाई येत जी. नावानं लागलेला गोटा कोनाचा तरी असाच लागते. त्याची जागा मी घेतली न. आता हा माझा."

"काहीतरी बोलू नका! टांगला मी. मग माझा का नाही?"

"तुमी दोरी कुठी धरली?" तो म्हणाला. आणि चहा प्यायला गेला.

हट्टानं मी त्याला तो गोटा संध्याकाळी वजनकाट्यावर ठेवायला लावला. तीन किलो. तोळाभर इकडं नाही, तिकडं नाही.

गुरुवारी लालसूच्या मांडीत सळई बसली. आठ दिवसांत तो वॉकर धरून उभा राहिला, आणि म्हातारीनं जाताना माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. डॉक्टरांची तुलनाही पुढं पुरी झाली. थोडे दिवस असतील तर पट्टी नि पिन, दुखण्यात फारसा फरक नाही, असं म्हणाले. लालसूच्या ओळीत त्यांनी त्या दिवशी काय लिहिलं, ते मी पाहिलं नाही.

बिसनभाऊनं शुक्रवारपासून रजा टाकली होती, आठ दिवसांची. रजा संपायच्या आधीच पुतण्याचा फोन आला. दुपारी जेवून झोपला तो उठलाच नाही. दोरी धरली तेव्हाच घामाघूम झाला होता, हृदयच असणार, असं डॉक्टर म्हणाले. असेल. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते त्या शुक्रवारी, बसस्टँडवर. मी मूलच्या गाडीसाठी उभी, तो रस्त्यापलीकडं आरमोरीच्या गाडीसाठी. भर दुपार, माणसं सावलीला पांगलेली. फडक्यात बांधलेला तो गोटा त्यानं करंगळीला अडकवला होता आणि उगाच झुलवत होता, रिकामी पिशवी झुलवावी तसा. मला पाहून हसला. दुसरा हात उचलून लांबूनच जोहार केला.

हलका गोटा म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पळत जावं, त्याच्या हातातून तो हिसकावून घ्यावा, चूक माझी आहे, मला द्या, असं म्हणावं, हे सगळं मनात आलं. पायसुद्धा उचलला होता मी. पण मी रस्ता ओलांडला नाही. मला भीती वाटली, त्यानं तो खरंच माझ्या हातात दिला आणि मलाही तो हलकाच लागला तर? मग त्याची गाडी आली. तो चढला, खिडकीशी बसला आणि गोटा मांडीवर घेतला.